वाघ नसलेल्या रानातलं सांबर

जून लागला की सिंगापूरमधल्या बिशानच्या आमच्या ब्लॉकखाली ड्युरियनचा वास मुक्कामाला येतो. लिफ्टमध्ये, जिन्यात, बांबूवर वाळत घातलेल्या टॉवेलांत. या फळाला एमआरटी रेल्वेत बंदी आहे, पण वासाला तिकीट लागत नाही. मी विदर्भातला माणूस. वर्षाचे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे सरळ तीन भाग करून जगायची मला सवय. इथे बारा महिने तीच उकड आणि बारा महिने पाऊस. वर्ष कुठवर आलं हे कॅलेंडर न बघता कळायचा एकच मार्ग, फळं. ड्युरियन, मागोमाग रामबुतान, मग फणसाचा चुलतभाऊ शोभेल असा चेंपेडाक. महिना-दोन महिने सगळं बेट पिकतं, सडतं, माश्या घोंघावतात, आणि एके दिवशी सगळं संपून पुन्हा तीच उकड उरते.

लोकांना या वासाने फळ आठवतं. मला दोन हजार सहाच्या हंगामातलं एक जनावर आठवतं. ते जनावर वजनाने माझ्या तिप्पट तरी असावं. वजन मी केलेलं नाही, अंदाज सांगतो आहे. मी पाण्याच्या निचऱ्याचं काम करणारा इंजिनिअर आहे. गटाराचा उतार चुकला तर पाणी उलटं फिरतं, म्हणून अंदाज आणि माप यांची गल्लत करायची नाही, ही सवय मला कामाने लावली. या जनावराच्या बाबतीत मात्र माझ्याकडे बहुतेक अंदाजच आहेत. आणि तीन वर्षं झाली तरी ते मोजायचं राहून गेलं याचं मला वाईट वाटत नाही, हे माझं मलाच नवल आहे.

सुरुवात झाली ती कढीपत्त्यापासून. माझी बायको सुजाता शेतकीची पदवीधर. भंडाऱ्याला कृषी सहायक होती. माझ्या नोकरीपायी ती नोकरी सोडून इथे आली आणि तिच्या राहण्याच्या पासवर ‘डिपेंडंट’ असं छापलेलं आलं. कॉरिडॉरमधल्या कुंड्यांत मिरच्या आणि तुळस लावण्यात तिची काही वर्षं गेली. कुंड्यांसाठी माती आणायला ती मंडाईच्या जंगलाकडेला असलेल्या एका नर्सरीत जायची. (तिथल्या बसमध्ये बसलो की ती दरवेळी म्हणायची, “चला, मंडईत.”) नर्सरी लिम अंकलची. सत्तरीचा, किडकिडीत, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालणारा माणूस. ऑर्किड हा त्याचा मुख्य धंदा आणि भारतीय गिऱ्हाइकांसाठी कोपऱ्यात कढीपत्त्याची रोपं. ती पिवळी पडत होती. सुजाताने त्याला सांगितलं, “अंकल, पाणी बंद करा. तुम्ही त्याला ऑर्किड समजून राहिले.” तिचं इंग्रजी असं नागपुरी अंगाने चालतं, पण त्याला नेमकं समजलं. रोपं हिरवी झाली आणि पुढच्या खेपेला त्याने तिला आपल्या जागेच्या पार मागचा, जंगलाला लागून असलेला जमिनीचा पट्टा दाखवला.

“ऑर्किड हिअर कॅनॉट. यू ट्राय,” तो म्हणाला. फळांचा हंगाम संपेपर्यंत तो बघणार होता. पीक हाती आलं तर पट्टा तिच्याकडे राहील, नाही आलं तर तो तिथे मांडव घालून आपल्या कुंड्या मांडेल. भाजी विकायची झाली तर ती त्याने विकायची, तिने नुसती लावायची. पासच्या नियमात बसेल एवढंच आम्ही केलं, हे मी मुद्दाम नोंदवतो. ओळखीतले लोक म्हणत, वा, छान हौस आहे वहिनींना. ‘हौस’ म्हटलं की सुजाताचा चेहरा मिटायचा. हौस नव्हती ती. आपल्याला अजून काही पिकवता येतं की नाही, हे तिला स्वतःपुरतं ठरवायचं होतं. आणि ठरवायला मिळालेला होता तो एक हंगाम.

तिने अंबाडी लावली, चवळी लावली, कडेने भेंडी. अंबाडीचं बी भंडाऱ्याहून आलेलं. इथल्या लाल मातीत ती अशी वर आली की शनिवारी गेलं की ओळख पटू नये. सुजाता वाकून एकेक पान उलटून बघायची. तिच्या पाठीवरचा घाम, बुटांत गेलेला चिखल, आणि तोंडाने चाललेलं पुटपुटणं, कशासाठी तर मावा पडलाय का. मी उभ्या उभ्या ओळींतलं अंतर मापायचो. आमच्या लग्नातले सगळ्यात बरे शनिवार ते.

मग एका शनिवारी अंबाडी नव्हती. उपटलेली नव्हती, किडीने खाल्लेली नव्हती. सगळी खुंटं एका उंचीवर तोडलेली, चवळीचे वेल ओढून अर्धे सोडलेले. खुंटाला बोट लावून रस अजून ओला आहे का ते सुजाताने बघितलं. तो ओला होता.

“रुसा,” लिम अंकल मागून म्हणाला आणि दोन्ही हातांची बोटं फाकवून डोक्याला लावली.

आमची मुलगी मैत्रेयी तेव्हा बारा वर्षांची होती, जूनच्या सुट्टीत आमच्याबरोबर यायची. ती खोखो हसली. “अंकल, सिंगापोरमध्ये डिअर? वेअर गॉट?”

तो म्हणाला, गॉट. त्याच्या बापाच्या काळात या बेटावर हरणं होती. ती लोकांनी मारून खाल्ली आणि संपली. मग सत्तरच्या दशकात कधीतरी पलीकडच्या प्राणिसंग्रहालयातून थोडी निसटली. “फेन्स ओपन, दे वॉक आउट. नेव्हर गो होम.” थोडी म्हणजे किती, मी विचारलं. त्याने खांदे उडवले. आता किती आहेत? त्याने जंगलाकडे बघितलं आणि पुन्हा खांदे उडवले.

मी चिखलात बसून खूर बघितला. लांबट, टोकाशी जुळलेला, माझ्या तळहाताएवढा. असा खूर मी लहानपणापासून ओळखतो. आमचं गाव नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला आहे. ते सांबर होतं. रुसा म्हणजे सांबर! इतक्या वर्षांत इथे आम्हाला पुण्याचे भेटले, मुंबईचे भेटले, पण खास आमच्या गावाकडचं कोणी पहिल्यांदाच भेटत होतं, आणि त्याने आल्या आल्या आमचीच भाजी खाल्ली होती.

त्या दिवशी मी पहिल्यांदा ते जंगल नीट बघितलं. तोवर माझ्यासाठी ती एक हिरवी भिंत होती. आता काठाने चालताना झाडांच्या सालीवर ओरखडे दिसले. शिंगं घासून घासून साल सोललेली, आतलं लाकूड गुळगुळीत, आणि ते माझ्या छातीच्याही वर. मी टेप लावली आणि लावून झाल्यावर आकडा वाचायचं विसरलो. त्याहून विलक्षण गोष्ट पुढे होती. रानाच्या कडेचा पाला एका ठरावीक उंचीपर्यंत नाहीसा झालेला होता आणि त्याच्यावर दाट. खालची कड इतकी सरळ की कुणी पाणसळ लावून कापली असं वाटावं. आयुष्यभर मी अशी सरळ रेघ आखायला माणसं आणि यंत्रं लावत आलो. इथे ती एका मुकाट तोंडाने, पानापानाने, वर्षानुवर्षं आखली होती.

सुजाता वाकून रेघेखालून आत बघत होती. “पाहा ना,” ती हळूच म्हणाली, “आजोबा आहेत, नातवंडं नाहीत.”

खरंच. आभाळाला भिडलेली झाडं होती, आणि त्यांच्याखाली नुसता पाचोळा, ताडाची काटेरी झुडपं आणि शेंडा खुडलेली बोटभर रोपं. मी अभ्यासक नाही. सगळं जंगल असंच आहे, असं मी म्हणणार नाही. लिम अंकलच्या कुंपणालगत जेवढं दिसलं तेवढं सांगतो. पण तिथे उभं राहून मला जे वाटलं ते हिशेबाचं नव्हतं. मूठभर जनावरं एका उघड्या फाटकातून चालत बाहेर पडतात, त्यांच्यामागे ना शिकारी ना वाघ, आणि काही दशकांत ती एका जंगलाचं पुढचं शतक शेंड्याशेंड्याने खाऊन टाकू लागतात. कुणाचं काही वाईट व्हावं असं त्यांच्या मनातही नसतं. भूक लागते, ती खातात. एवढ्या साध्या गोष्टीत एवढी ताकद असते, हे मला गटारं बांधून कधी कळलं नव्हतं.

खुंटं मात्र जिवंत होती. अंबाडीचा शेंडा खुडला की ती बाजूंनी फुटते. “वाचली तर दुप्पट येईन,” सुजाता म्हणाली. हंगाम संपायला अजून अवकाश होता. आणि सांबराला शेतापासून लांब कसं ठेवायचं हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. धुऱ्याने, म्हणजे शेताच्या बांधाने, जुन्या साड्या बांधायच्या. रंग फडफडतात, माणसाचा वास येतो, जनावर बिचकून मागे फिरतं. संध्याकाळी गावाबाहेर पडलं की शेताशेताला नेसवलेलं दिसायचं. जांभळं, पोपटी, गुलाबी, विटकं. माझ्या मामीची लग्नातली साडी तुरीच्या कडेने सात-आठ वर्षं उभी होती.

सुजाताने फोन फिरवले. टॅम्पिनीसपासून आमच्या ब्लॉकपर्यंत मराठी बायकांच्या कपाटांत सुती साड्यांचे गठ्ठे पडलेले होते. या उकाड्यात कोण नेसणार? शिवाय कारण ऐकून प्रत्येकीला देण्याचा उत्साह आला. “हरणाला म्हणावं, नारायणपेठ आहे, जपून,” एकीने निरोप दिला. साड्या आल्या, पण दमट हवेत त्या ओल्या फडक्यासारख्या लोंबतील आणि फडफडणार नाहीत, असा मुद्दा मी काढला. मुद्दा बरोबर होता. म्हणून सुजाताने मोठ्या पातेल्यात तांदळाची खळ केली, आईच्या शिकवणीप्रमाणे तीत मूठभर मीठ टाकलं (मिठाने खळ इस्त्रीला चिकटत नाही), आणि आम्ही दोघांनी दोन संध्याकाळ एकेक साडी खळीतून काढून, इस्त्री करून पापडासारखी कडक केली. शनिवारी दुपारी पट्ट्याला नेसवून झाल्यावर आम्ही मागे सरून बघितलं. वारा आला की सगळं कुंपण कडकड वाजायचं.

लिम अंकल कंबरेवर हात ठेवून उभा होता. “व्हेरी नाइस. हू गेटिंग मॅरीड?”

रविवारी पहिल्या बसने आम्ही तिघं आलो. उजेड नुकताच फुटत होता, पत्र्यावरून दव ठिबकत होतं, जंगलातून पिकलेल्या चेंपेडाकाचा गोड, जड वास येत होता. आणि पट्ट्याच्या टोकाला ते उभं होतं.

मी नागझिऱ्यात सांबरं पुष्कळ बघितली आहेत. पण तिथलं सांबर दिसतं ते जाताना. झुडूप हलतं, एक तपकिरी पाठ, संपलं. पूर्ण उभं सांबर मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. मानेवर ओली आयाळ, त्या आयाळीतून वाफ निघते आहे. शिंगं अशी की त्यांच्या वजनाने माझीच मान दुखावी. कान स्वतंत्रपणे फिरताहेत, एक जंगलाकडे, एक आमच्याकडे. एवढा देह आणि त्याचा जमिनीला काही भार होत नाही असं ते उभं राहणं. माझे हात आपोआप जोडले गेले. आमच्याकडे धम्मचक्राच्या दोन बाजूंना दोन हरणं बसलेली असतात; लहानपणी मला ती नुसती नक्षी वाटायची. बुद्धाचा पहिला उपदेश माणसांनी सारनाथच्या मृगदावात ऐकला, त्या वेळी आजूबाजूला असं काहीतरी श्वास घेत उभं असेल, हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“मम्मा,” मैत्रेयी कुजबुजली, “ही इज ईटिंग द सारी.”

खात होतं. शांतपणे, पदराकडून. तांदूळ आणि मीठ. आम्ही रात्रभर त्याच्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं. जांभळा काठ त्याच्या जबड्यातून थोडा थोडा आत जात होता आणि आमच्या तोंडाकडे ते असं बघत होतं, जसं पंगतीतला पाहुणा वाढप्याकडे बघतो.

आधी मैत्रेयीला हसू फुटलं, मग मला. सुजाता हसली नाही. ती टाळ्या वाजवत, “हैक! हैक!” करत सरळ त्याच्यावर चालून गेली. सांबराने मान वर केली, तिच्याकडे बघितलं आणि चघळणं चालू ठेवलं. चार-पाच हातांवर ती थांबली, कारण त्यापुढे जाणं वेडेपणा झाला असता. मग ते वळलं आणि मालकाने गोठ्यात जायला सांगितल्यासारखं सावकाश रानात शिरलं. नव्या फुटव्यांतले बरेच त्याने खाल्ले होते.

लिम अंकल त्या दिवशी गंभीर होता. त्याच्याही ऑर्किडचे कोंब जात होते. जनावरं पकडणाऱ्यांना बोलावतो म्हणाला, “आय कॉल पीपल. दे कम, दे टेक.” तिचा पट्टा तो आजच परत घ्यायला तयार होता, रागाने नाही, तिची कीव येऊन. “यू ट्राय ऑलरेडी. नॉट युवर फॉल्ट.”

“हंगाम संपेपर्यंत म्हणाले होते ना तुम्ही,” सुजाता म्हणाली. “अजून ड्युरियन आहे बाजारात.” माणसं बोलवायचंही अंकलने तोवर लांबणीवर टाकलं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे वळली. “आपलं चुकलं कुठे, कळलं का तुम्हाला?”

“मीठ.”

“मीठ नाही हो! तिकडचं सांबर साडीला भीत नाही. ते वाघाला भितं. जन्मभर भीत आलेलं असतं, म्हणून साडीलाही भितं, माणसालाही भितं, स्वतःच्या सावलीला भितं. याला कोणी शिकवलंच नाही. आपण ताला-सुराचं कुंपण घातलं, आणि ऐकणारं बहिरं.”

मग म्हणाली, “आवाज करतं ते माणूस असतं. वाघ आवाज करत नाही.”

पुढच्या आठवड्यांत आम्ही जे केलं ते मी ऑफिसात कुणालाही सांगितलं नाही. पहाटेच्या पहिल्या बसने मंडाई, काम झालं की तिथेच अंघोळ, आणि मग ऑफिस. माझं काम वाऱ्याचं. मी बेबी पावडर चिमटीत घेऊन उडवायचो आणि कुठल्या बाजूने वास जाणार नाही ते हाताने दाखवायचो. सुजाता जुना पंजाबी ड्रेस आणि अंकलचे रबरी बूट घालून लालांगच्या गवतातून रांगत जायची. एक हात, एक गुडघा, थांबायचं. चव्वेचाळीस वर्षांची, चष्मा लावणारी, मान दुखते म्हणून उंच उशी न घेणारी बाई. जवळ गेल्यावर ती ओरडायची नाही की काही फेकायची नाही. गवतात पोटावर पडून नुसती त्याच्याकडे बघायची. मग उठून एकदम दोन ढांगा पुढे. ते दचकायचं, थोडं सरकायचं, पुन्हा खायला लागायचं.

“युवर वाइफ ओके ऑर नॉट?” लिम अंकलने मला बाजूला घेऊन विचारलं. मैत्रेयी तर म्हणाली, “पापा, प्लीज, माझ्या फ्रेंड्सना सांगू नका. सो एम्बॅरसिंग लाह.”

एकदा मी तिला म्हटलं, हे एवढं करून पट्टा वाचेल, पण ते आत जाऊन रानातली रोपं खाणारच. “हो,” ती बूट उपडे करून चिखल झाडत म्हणाली. “माझ्या भाजीला मी आहे. त्या रोपांना कोण आहे?”

बाजारातले ड्युरियन कमी होत चालले. अंबाडी मात्र बाजूंनी फुटून झुडपासारखी झाली होती, ओंजळीत मावू नये अशी. काढायला आणखी थोडे दिवस हवे होते. अंकल रोज येता-जाता पट्ट्याकडे बघायचा आणि मांडवासाठी आणलेले पाईप तिथेच बाजूला रचून ठेवायचा.

त्या सकाळी वारा पडलेला होता. पावडर सरळ खाली आली. सांबर रानाच्या कडेला, पट्ट्याच्या बाहेर, पाला ओरबाडत होतं. सुजाता गवतात कुठे आहे ते मलाही दिसत नव्हतं. अंकल पाण्याचा पाईप हातात घेऊन माझ्याजवळ उभा होता. पाणी सोडायचं तो विसरला होता.

सांबराने चघळणं थांबवलं.

ते काहीच करत नव्हतं, तरी त्याच्यात काहीतरी बदललं. दोन्ही कान एकाच दिशेला वळले. शेपूट उभी राहिली. पुढचा एक पाय सावकाश वर गेला, हवेत थांबला, आणि त्याने जमिनीवर आपटला. धप्प. पुन्हा धप्प. आणि मग त्या एवढ्या छातीतून तो आवाज आला.

“ढाँक!”

नागझिऱ्याला रानात वाघ हलला की सांबर हा आवाज काढतं. दुसऱ्या कशासाठी ते असं ओरडल्याचं मी कधी ऐकलं नाही. गावात तो ऐकू आला की माणसं गुरं आत घेत. त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. हे सांबर ज्याच्या पोटचं, तेही वाघ न बघता मेलेलं असेल. त्याच्याही आधीचं बहुधा पिंजऱ्यात जन्मलेलं. या बेटावर कुणी याआधी तो आवाज ऐकला असेल किंवा नसेल, मला माहीत नाही. पण याला तो कुणी शिकवला? कुठे ठेवला होता एवढी वर्षं?

“ढाँक!” ते उडी मारून रानात घुसलं, फांद्या मोडत गेल्या. आणि मग आतून उत्तर आलं. डावीकडून एक. दूर उतारावरून दुसरं. रानापलीकडच्या जलाशयाच्या बाजूने अगदी बारीक आणखी एक, त्याच्यामागे आणखी कुठे. जिथे मला फक्त पाचोळा आणि आजोबा झाडं दिसली होती, तिथे सगळीकडे कोणीतरी उभं होतं, एवढे दिवस आम्हाला बघत. मी मोजायला बोटं उघडली आणि मिटून घेतली.

“व्हॉट साऊंड?” अंकल कुजबुजला.

सुजाता गवतातून उभी राहिली. केसांत कुसळं, कोपरापर्यंत चिखल, चष्मा एका कानावर. “टायगर, अंकल,” ती धापा टाकत म्हणाली. “ते सांगून राहिलं, टायगर आला.”

तो खरोखर मागे वळून बघायला लागला. “वेअर? वेअर टायगर?”

तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

अंकल तिच्याकडे बघत राहिला. मग हातातला पाईप त्याने हळूच खाली ठेवला. “लाइक दॅट, लँड यू कीप लाह,” तो म्हणाला. “आय ओल्ड मॅन. डोन्ट वॉन्ट ट्रबल.”

मी हसलो, तोही हसला. सुजाताने एक बोट वर करून आम्हाला गप्प केलं. ती रानाकडे तोंड करून उभी होती आणि तिचे डोळे भरून आलेले होते. आत, कुठेतरी फार लांब, एक सांबर अजून ओरडत होतं.